शेतावरचा मुक्काम: भूमध्य समुद्राकाठचे आपले अनुभव

नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन इटलीला जायचं चाललंय. बाबा तासगावचे, सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. रोम-फ्लॉरेन्सचे फोटो दाखवले तर म्हणाले, "देवळं-राजवाडे बघीन की, पण कुणाच्या तरी रानात ने मला." म्हणून हा धागा. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत शेतावरच्या घरात, खिशाला परवडेल अशा ठिकाणी जे राहून आलेत त्यांनी लिहा. काय दिलं, काय खाल्लं, काय अडचण आली, सगळं. घराचं नाव नको, भाग सांगितला तरी पुरे.

सुरुवात माझ्यापासून करते.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही दोघं पुलियात, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेत, ओस्तुनी आणि फझानोच्या मधल्या सपाटीवर पाच रात्री राहिलो. दोघांची खोली नाश्त्यासकट ६५ युरो, रात्रीचं जेवण माणशी २२. जुनी मासेरिया होती. मधे अंगण, भोवती जाड भिंतींच्या खोल्या, कोपऱ्यात छोटं चॅपल. समुद्रावरून लुटारू यायचे म्हणून ही शेतघरं आपल्याकडच्या गढीसारखी बांधलेली असतात. आमची खोली पूर्वी धान्याचं कोठार होती. वर दगडी घुमट, हातभर खिडकी. बाहेर ऊन रणरणत असताना आत पंखासुद्धा लागला नाही.

तिथे 'आग्रितुरिझ्मो', म्हणजे शेतावरचा मुक्काम, ही पाटी वाटेल त्याला लावता येत नाही. १९८५ मध्ये त्यासाठी कायदा झाला, २००६ मध्ये नवा आला. पाहुणे ठेवणारा मुळात शेतकरी हवा, शेती हा मुख्य धंदा आणि पाहुणचार हा जोडधंदा हवा. ताटातलंही बरंचसं स्वतःच्या शेतातलं किंवा त्या भागातलं असावं लागतं. हे आधी वाचून गेलो होतो तरी डोक्यात हॉटेलच होतं. दुपारी दोनला पोचलो तर अंगणात कुत्र्याशिवाय कुणी नाही. पाचच्या सुमाराला मालकीणबाई हात पुसत आल्या. पंप बिघडला होता, तो लावून आल्या होत्या. पासपोर्ट घेतले (पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते), आणि टोपलीभर अंजीर पुढे ठेवले.

जेवण सगळ्यांना एकाच वेळी, साडेआठला. पहिल्याच रात्री सोललेल्या सुक्या बाकल्याचं घोटून मऊ केलेलं पिठलं म्हणा, वरण म्हणा, असं काहीतरी आलं. शेजारी उकडलेली कडवट चिकोरीची पालेभाजी, वरून हिरवंगार कच्चं ऑलिव्ह तेल. फावे ए चिकोरिया. गरिबाघरचं जेवण आहे, असं त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघांनी ताट पुसून खाल्लं.

माती कोकणासारखी लाल. त्यात ऑलिव्हची म्हातारी झाडं, खोडं इतकी पिळवटलेली आणि पोकळ की आत लहान मूल उभं राहील. अशी जुनी झाडं तोडू नयेत म्हणून त्या प्रदेशाने २००७ मध्ये कायदा केलाय. चौथ्या दिवशी आम्ही दक्षिणेला गाल्लिपोलीकडे निघालो. लेच्चे सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी, वाळून कोळ झालेली झाडंच झाडं, मैलोन्‌मैल. झायलेल्ला नावाचा जिवाणू, २०१३ मध्ये तिथे सापडला. झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं, औषध नाही. सकाळी नाश्त्याला बाईंनी कुठे चाललात विचारलं होतं, आणि गाल्लिपोली म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या होत्या. का, ते संध्याकाळी परतताना कळलं. त्या रात्री तेलाची बाटली ताटाकडे नेताना माझा हात जरा जपून चालला.

आता तुम्ही लिहा.

क्रीट, ऑगस्ट (ठाण्याहून)

आम्ही ग्रीसच्या या बेटावर ऑगस्टमध्ये गेलो. मुलांच्या शाळेमुळे नव्हे, तर तेव्हाच सुट्टी मिळाली म्हणून. किनाऱ्यावरचे दर ऐकून परत फिरायची वेळ आली होती. मग खानिया शहराच्या पूर्वेला, समुद्रापासून पंधरा किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात शेतघर मिळालं. दोन खोल्या, ओटा, अंगणात तुतीचं झाड, ५५ युरो रात्रीला. चौघांना.

मी श्रावण पाळते. अंडंही नाही. घरून मेतकूट, भाजणी, सगळं बांधून नेलं होतं, आणि पहिल्या संध्याकाळी घरमालकाच्या आईने, ऐंशीच्या पुढच्या आजींनी, नातीला मधे घेऊन विचारलं की तुम्ही काय खाता. मी सांगितलं. आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "निस्तीसिमो!" म्हणजे उपासाला चालणारं. त्यांचाही उपास चालू होता. १ ते १४ ऑगस्ट हा त्यांच्याकडे मारियामातेचा उपास, १५ ला मोठा सण. मांस, मासे, दूध, चीज, अंडी बंद. म्हणजे आमचा श्रावण आणि त्यांचा उपास एकाच वेळी! त्यानंतर बारा दिवस माझ्या जेवणाची चिंता त्या आजींनी वाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले आणि हातात घेऊन बघते तर घोळ. आपली लालसर दांड्याची, जाड पानांची घोळाची भाजी. तिला तिथे ग्लिस्त्रीदा म्हणतात आणि टोमॅटो-काकडीत कच्चीच घालतात. दुसरी जुडी व्लिताची, म्हणजे माठाचीच जात. ती उकडून, निथळून, वर लिंबू आणि तेल. मी त्यांना हाताने खूण करून दाखवलं की आम्ही लसणाची फोडणी देतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी लसूण सोलून ठेवला होता. कढई मला दिली. फोडणीचा वास सुटल्यावर शेजारच्या घरातून दोघीजणी बघायला आल्या.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट नीट सांगते. 'निस्तीसिमो' हा शब्द ग्रीसमध्ये फार उपयोगाचा, पण त्या उपासाला कोळंबी, माकूळ, शिंपल्या चालतात, कारण त्यात रक्त नाही असं मानतात. त्यामुळे शब्दाबरोबर 'समुद्रातलं काहीही नको' हेही सांगा. उपास सुटल्यावर बुरेकी खा: काकडीसारखं दिसणारं कुर्जेट, बटाटा, मऊ चीज आणि पुदिना एकावर एक रचून भाजलेलं. आणि दाकोस, म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो.

गैरसोय म्हणाल तर संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले पाइप अरुंद असतात. पहिल्या दिवशी जड गेलं, मग सवय झाली. पाणी गच्चीवरच्या सोलरचं, दुपारी उकळतं आणि रात्री अकराला कोमट. आंघोळी संध्याकाळीच उरकायच्या. जेवण झालं की फळं आणि राकी या तिथल्या दारूचे पेले आपोआप येतात, त्याचे पैसे नाहीत. घेत नसाल तर छातीवर हात ठेवून मान हलवा, कुणी रागावत नाही.

निघताना आजींनी व्लिताचं बी कागदाच्या पुडीत दिलं. ते विमानतळावर अडेल म्हणून मी नम्रपणे परत केलं. तेवढं एक मनात राहिलंय.

टस्कनी, एप्रिल (नागपूरहून)

आईला घेऊन गेलो होतो, वय ७३, गुडघे दुखतात. ताई, तुम्ही आईबाबांना नेताय म्हणून मुद्दाम लिहितोय.

व्हाल दॉर्चात, पिएन्झाच्या जवळ. फोटोतले सायप्रसचे झाड, हिरव्या टेकड्या, सगळं तसंच्या तसं आहे. पण शेवटचे तीन किलोमीटर पांढऱ्या मुरमाचा रस्ता, चढ-उतार, समोरून गाडी आली की मागे घ्यायची. रात्री पोचू नका. खोली 'पहिल्या मजल्यावर' लिहिलेली म्हणजे जिना आला, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाहेरून दगडी जिना, कठडा नाही. आई बसून बसून चढली. मालकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वर राहायला जाऊन आम्हाला तळमजल्याची त्यांची खोली दिली. वेगळे पैसे नाहीत. बुकिंगच्या आधी 'जमिनीलगत खोली हवी' हे लिहून विचारा.

दुसरं, थंडी. त्या भागात हीटिंग हिवाळ्यात, १५ एप्रिलपर्यंतच चालवायचा नियम आहे. आम्ही २० तारखेला. दगडी घर, खाली विटांच्या फरशा, पहाटे दात वाजत. मालकांनी चुलाण्यात लाकडं पेटवून दिली. तुम्ही नोव्हेंबरात जाताय, तेव्हा हीटिंग असेल, पण दिवसभर नसतं. आणि त्याचे पैसे वेगळे आहेत का, हे विचारून घ्या.

तिसरं, वीज. तिथे घरगुती जोडणी बहुधा ३ किलोवॅटची. गीझर चालू असताना मी शेगडीवर चहा ठेवला आणि खटकन अंधार. मीटरची पेटी फाटकापाशी. मोबाइलचा उजेड धरून ओल्या गवतातून गेलो, खटका वर केला, परत आलो. मग चहा आधी, आंघोळ नंतर, हा नेम ठरला.

आता जे आईला सगळ्यात आवडलं ते. मालकीणबाई दुपारी पिची करत होत्या. नुसती कणीक आणि पाणी, थोडं तेल, अंडं नाही. लाकडी पाटावर तळहाताने गोळी लांबवत न्यायची, दोरीसारखी. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे तर आपलं सरगुंड्यांसारखं!" आणि पदर खोचून बसली. आमच्याकडे उन्हाळ्यात काडीवर वळतात, आमरसाबरोबर खायला. आईच्या हाताची दोरी पहिल्यापासून एकसारखी, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. बाईंनी ती उचलून उजेडात धरली, आपल्या सुनेला दाखवली. रात्री लसूण-टोमॅटोच्या रसात ती पिची सगळ्या पाहुण्यांना वाढली आणि कुणी केली तेही सांगितलं. तिथल्या पावात मीठ नसतं, तेवढं लक्षात असू द्या. आम्ही मीठ लावून खाल्लं.

धागा काढणारी

दादा, तुमचं वाचून आज मनात असलेल्या तिन्ही ठिकाणी पत्र टाकलं, तळमजल्याची खोली, जिना, हीटिंग, सगळं विचारून. दोघांची उत्तरं आली. एकाने जिन्याचा फोटोच पाठवला. व्हिसासाठीही राहण्याचा पुरावा लागतो, तर त्यांनी सहीचं पत्र लगेच दिलं.

मायोर्का, फेब्रुवारी (दापोलीहून)

माझा स्वतःचा घरगुती मुक्कामाचा व्यवसाय आहे. चार खोल्या, आंबा, काजू, थोडी सुपारी. मुलगी बार्सिलोनात शिकते, तिच्याकडे गेलो तेव्हा ती आम्हाला या स्पॅनिश बेटावर घेऊन गेली. फेब्रुवारीत बदाम फुलतो. डोंगरउतारावर पांढरी-गुलाबी झाडं आणि खाली पिवळी रानफुलं. हंगाम नसल्याने खोली ६० युरोत मिळाली, उन्हाळ्यात ती दुपटीच्या वर जाते असं मालकच म्हणाले.

माझी नजर पहिल्यांदा गडग्यांवर गेली. त्रामुंताना डोंगराच्या उतारांवर पायऱ्या पायऱ्यांची शेतं, आणि प्रत्येक पायरीला चुन्या-सिमेंटशिवाय रचलेला दगडी गडगा. आपल्याकडे जांभा, तिकडे चुनखडी, रचण्याची रीत तीच: मोठा दगड तोंडाला, मागे चिपा ठोसायच्या, पाणी निघून जायला फटी ठेवायच्या. या डोंगराला २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, आणि कोरडे गडगे रचण्याच्या कलेला २०१८ मध्ये. स्पेन, इटली, ग्रीस, फ्रान्स, असे आठ देश तेव्हा त्यात होते. मालकांनी मला एक ढासळलेला गडगा दाखवला, तो ते दर रविवारी थोडा थोडा लावत होते. मी दोन तास त्यांच्याबरोबर चिपा ठोसल्या. बोलायला भाषा नव्हती, लागलीही नाही. माझे वडील हेच काम करताना दगड हातात फिरवून त्याचं तोंड शोधायचे. तो माणूसही तसाच दगड फिरवत होता.

आता व्यवसायाच्या नजरेने. खोलीत एकच कागद, स्वच्छ लिहिलेला. पाणी पावसाचं, टाकीत साठवलेलं, म्हणून आंघोळ आटोपती घ्या. मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक लावा. रात्री दहानंतर अंगणात आवाज नको. माझ्याकडे मी पाहुण्याला कधी 'नाही' म्हणू शकलो नाही. रात्री बाराला मासळी तळून दिली आहे. तिथे मालक सकाळी नाश्ता मांडून सांगायचे, आज मी पलीकडच्या रानात छाटणी करणार, यायचं तर या. आम्ही गेलो. आमच्या राज्यानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यातही शेतीच मुळाशी आहे. तरी आपण पाहुणा आला की शेत बाजूला ठेवतो आणि त्याच्या मागे धावतो. परत आल्यापासून मी बागेत कलमं बांधायची असतील तर पाहुण्यांना तिथेच बोलावतो. दहातले आठ येतात.

जेवणात पा आंब ओली, म्हणजे पावावर टोमॅटो चोळायचा आणि तेल. त्यासाठीचे टोमॅटो लसणाच्या वेणीसारखे दोरीत ओवून छताला टांगलेले, महिनोन्‌महिने टिकतात. शाकाहारी असाल तर एन्सायमादा नावाची गोल गोड वेटोळी खाण्याआधी विचार करा. 'साईम' म्हणजे डुकराची चरबी, नावच त्यावरून पडलंय. माझ्या पत्नीने अर्धी खाल्ल्यावर मुलीला ते आठवलं. पत्नी दिवसभर काही बोलली नाही. मुलीनेही त्या रात्री जेवण टाकलं. असा प्रसंग कुणावर येऊ नये म्हणून लिहितो.

फ्लॉरेन्सजवळ, जून (पुण्याहून)

माझा अनुभव चांगला नाही, तोही असू दे. स्वस्त म्हणून घेतलं, नकाशावर हिरवळ दिसत होती. प्रत्यक्षात मागे महामार्ग, रात्रभर ट्रक. पोहण्याचा तलाव फोटोत होता, पाणी नव्हतं. शेत म्हणून मागे चार ओळी द्राक्षवेली, राखायला कुणी नाही, गवत कमरेएवढं. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, पैसे परत मिळाले नाहीत. आता मी मालकाला आधी विचारतो की या महिन्यात शेतात काय चालू असेल. खरा शेतकरी असेल तो दोन ओळींत सांगतो, त्या माणसाने कदाचित सांगितलं नसतं.

त्याच सहलीत शहराच्या जुन्या भागात गाडी घातली. झेडटीएल लिहिलेली पाटी, तिथे परवान्याशिवाय गाडी न्यायची नसते, कॅमेरे असतात. भाड्याच्या गाडीवाल्यांनी आमची माहिती दिल्याचे पैसे आधी कार्डावरून कापले, दंडाची नोटीस सात महिन्यांनी घरी आली. तेवढ्या पैशात शेतावर दोन रात्री राहून झालं असतं. गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या, इटलीत तो लागतो.

प्रोव्हान्स, मे (स्टुटगार्टहून)

आम्ही मुलांना घेऊन गाडीने गेलो, दक्षिण फ्रान्सच्या व्होक्लूज भागात शेतावरच्या जीतमध्ये आठवडाभर. जीत म्हणजे सगळं घर आपलं, स्वयंपाक आपला. बऱ्याचदा शनिवार ते शनिवार घ्यावं लागतं, चादरी-टॉवेल बहुतेक ठिकाणी आपले न्यायचे आणि निघताना फरशी पुसून, कचरा टाकून जायचं. आयता नाश्ता हवा तर शांब्र दोत, म्हणजे मालकाच्या घरातली खोली, बघा. त्यांना पाचपेक्षा जास्त खोल्या ठेवता येत नाहीत, म्हणून माणसं मोजकी.

आम्हाला वाटेत उशीर झाला, रविवारी दुपारी पोचलो. गावातलं दुकान बंद. सोमवारीही बंद. शेजारच्या शेतकरीकाकूंनी अंडी, कांदे आणि एक पिशवी पीठ दिलं. उघडून बघते तर हरभऱ्याचं. नीसकडे त्याचा सोक्का करतात, पातळ पीठ तेलात भाजलेलं, आपल्या धिरड्याचं भावंड. मिरचीपूड, हळद माझ्या डब्यात होतीच. त्या रात्री पिठलं झालं, धाकट्याने दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटीभर काकूंना नेऊन दिलं.

मग मिस्त्राल सुरू झाला. उत्तरेकडून येणारा कोरडा वारा, तीन दिवस. तेव्हा कळलं की घराच्या उत्तरेच्या भिंतीला एकही खिडकी का नाही आणि त्या बाजूला सायप्रसची दाट रांग का लावलीय. रात्री ती रांग समुद्रासारखी गाजायची. मुलं घाबरून आमच्या खोलीत आली आणि चौघं एका पलंगावर झोपलो.

सिसिली, सप्टेंबर (कोल्हापूरहून, सध्या शिक्षणासाठी मिलानला)

गाडीशिवाय होतं का, असं बरेच जण विचारतात. होतं, पण वेळ हातात ठेवून. मी गेलो तेव्हा एटना ज्वालामुखीला वळसा घालून कातानियाहून एक छोटी रेल्वे जायची, चिर्कुमेत्नेआ. रविवारी बंद असायची. मी ब्रोन्तेच्या पुढच्या एका गावाला उतरलो आणि मालक ट्रॅक्टर घेऊन न्यायला आले. आदल्या दिवशी फोन केला होता. एकट्याची खोली ३५ युरो.

ब्रोन्तेचा पिस्ता वर्षाआड येतो, विषम सालाला. मी गेलो ते सम साल, झाडं रिकामी. मालक म्हणाले, झाडाला विसावा. काळ्या लाव्ह्यात उगवलेली ती झाडं बघून मला आमच्या जोतिबाच्या डोंगराचा दगड आठवला.

पहाटे सहाला त्यांच्या मेंढपाळ भावाकडे नेलं. चीज काढून झाल्यावर उरलेलं पाणी परत तापवतात, म्हणून रिकोत्ता, 'पुन्हा शिजवलेलं'. मोठ्या कढईखाली लाकडं, भाऊ काठीने हळूहळू ढवळतोय. आधी काहीच नाही, नुसतं पिवळसर पाणी. मग कडेला पांढरं धुकं धरल्यासारखं झालं, आणि बघता बघता वर ढग आले. झाऱ्याने वाडग्यात शिळ्या पावावर घातलं, वरून तेच गरम पाणी. मीठही नाही. मी दुधातुपात वाढलेला माणूस आहे, घरी म्हशी आहेत. असं काही तोंडात घातलं नव्हतं. तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कढई दाखवली. आईने पहिला प्रश्न विचारला, "मेंढी दूध किती देते रे?" ते मी त्यांना विचारून सांगितलं, भाऊ खूश झाला.

रोमच्या दक्षिणेला (मुंबईहून)

थोडकंच लिहिते. लातिनाच्या बाजूला स्वस्त शेतघर मिळालं म्हणून दोन रात्री राहिलो. संध्याकाळी रस्त्याने पगडीवाली माणसं सायकलवरून ओळीने जाताना दिसली. त्या भागात पंजाबी शेतमजूर बरेच आहेत, कीवीच्या बागांत आणि प्लास्टिकच्या शेडांत काम करतात. एकजण थांबला. भारतातून आलात का, म्हणाला, आणि मग सायकल स्टँडवर लावून अर्धा तास बोलत उभा राहिला. कपड्यांना ओल्या मातीचा वास. नऊ वर्षं झाली घरी गेलो नाही, म्हणाला. आमच्याकडे थेपले होते ते सगळे दिले. ताटात येणारी भाजी कोण खुडतं, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं. तेव्हापासून जिथे राहते तिथे कामाला कोण आहे आणि कसं राहतं, हे बघते.

गोझो, माल्टा (गोव्याहून)

डावीकडून गाडी चालवायची ज्यांना सवय आहे त्यांनी हे बेट बघा, तिथेही डावीकडूनच चालतात. फेरी पंचवीस मिनिटांची, तिकीट फक्त परतताना. शेतघरं मधाच्या रंगाच्या चुनखडीची, कमानींची. आम्ही दोन कुटुंबांनी मिळून घेतलं म्हणून स्वस्त पडलं. आता बहुतेक घरांमागे शेती उरलेली नाही, हे खरं. आमच्या मागच्या म्हाताऱ्या काकांकडे मात्र बकऱ्या होत्या, छोट्या चीजच्या चकत्या रोज दारात ठेवून जायचे.

धागा काढणारी, परत आल्यावर

जाऊन आलो. पुलियालाच, पण या वेळी बारीच्या जवळ, तळमजल्यावर. ऑक्टोबर छाटणी उरकल्याशिवाय बाबा हलणार नव्हते, म्हणून नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

ऑलिव्हची तोडणी चालू होती. झाडाखाली जाळ्या, यंत्राच्या लांब काठीने फांद्या हलवायच्या, खाली टपटप पाऊस. संध्याकाळी घाण्यावर गेलो. ताजं तेल पावावर घालून दिलं, आईला घशात इतकं झोंबलं की ठसका लागला. ठसका लागला तर तेल चांगलं, असं घाणेवाले म्हणाले.

पण बाबांचं लक्ष पलीकडे. त्या भागात खायची द्राक्षं मांडवावर घेतात, तेन्दोने म्हणतात, वरून प्लास्टिक. लांबून मांडव दिसला आणि बाबा न सांगता चालू लागले. मालक तिथेच होते, वय बाबांएवढंच. बाबांनी वेलीचं खोड अंगठ्याने दाबून बघितलं, पान उलटं करून बघितलं. मग मोबाइलवर आमच्या बागेचे फोटो उघडून दाखवले. दोघं डोकं लावून बघत होते. मी भाषांतर करायला पुढे झाले, तोवर त्यांचं बोटांवर चाललं होतं. बाबांनी दोन बोटं दाखवली: वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला खरड, ऑक्टोबरला फळछाटणी. मालकांनी एक बोट दाखवलं आणि मान तिरकी करून डोळे मिटले, म्हणजे इथे थंडीत वेल झोपते. बाबांनी ताबडतोब मान हलवली, आमची झोपत नाही, म्हणून दोनदा. एवढी साधी गोष्ट, ४२ वर्षांची मुलगी असून मला आजवर त्यांनी कधी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

मग भाव निघाला. किलोचा. दोघांनी मातीत काडीने आकडे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. अंधार पडला तरी उठेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं. मालक उभे होते, बाबांसाठी गमबूटांचा जोड घेऊन.